दुधावरचं पांढरं फडकं

सत्याचा शेवटी विजय होतोच. तेहतीस वर्षांच्या पोलीस सेवेत हा विजय मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. एकंदर तीनदा. त्यातल्या एका वेळी चोराने चोरलेला मोबाइल चार्ज करायला ठाण्यासमोरच्याच दुकानात आणून दिला होता. दुसऱ्या वेळी खरा आरोपी आमच्या तपासाला कंटाळून आपणहून हजर झाला. तिसरी वेळ मात्र अजून डोक्यातून जात नाही. त्या वेळी सत्य आमच्याच कागदावर, आमच्याच हवालदाराच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला मला चार दिवस लागले.

तेव्हा मी वाशिम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. पोहरादेवीची रामनवमीची यात्रा तोंडावर आली होती. मोठे पाहुणे येणार म्हणून बैठकांना ऊत आला होता. कोणती गाडी कुठे थांबेल, कोणाला कोणत्या बाजूने हार घालायचा, यावर तास तास चर्चा चालायची. भाविक पाणी कुठे पितील हा विषय नेहमी 'आयत्या वेळच्या विषयां'मध्ये असायचा.

अशात एका शनिवारी सकाळी बातमी आली. आमचा गुप्त बातमीदार इतका गुप्त होता की गावातली माणसं त्याला उघडपणे 'डिपार्टमेंटवाले' म्हणून हाक मारत. तो म्हणाला, "साहेब, फाट्यावरच्या वर्कशॉपमधले चारी माणसं काल पडले. थंडी, ताप. एक त वाशिमले भरती हाय. चहावालीनं कायतरी घातलं."

"कशावरून?"

"सारं गाव म्हणून राह्यलं ना साहेब."

तासाभरात वर्कशॉपचे मालक स्वतः आले. सोबत दोन गाड्या भरून माणसं होती आणि फिर्याद घरूनच टाइप करून आणलेली होती. मजकूर असा: वर्कशॉपसमोर टपरी चालवणाऱ्या बाईने जुन्या वैरातून चहात विषारी पदार्थ मिसळला. गेले तीन शुक्रवार चौघाही कामगारांना संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, छाती आवळली, तोंडाला विचित्र गोड चव आली. दोन शुक्रवार ते सकाळपर्यंत बरे झाले. तिसऱ्या शुक्रवारी त्यांच्यातला सर्वांत वयस्कर माणूस बरा झाला नाही. त्याला जिल्हा रुग्णालयात प्राणवायू लावावा लागला.

मी मालकांना विचारलं, "शुक्रवारच का?"

"साहेब, बुधवारी आमी माल पोचवाले जातो. गुरुवारी बाजार, वर्कशॉप बंद. ते बाई बी बाजारात जाते. तिथून आणते आन् शुक्रवारी घालते. सरळ हाय."

सरळ होतं खरं. पोलिसाला सरळ गोष्टीची भीती वाटायला हवी. त्या दिवशी मला वाटली नाही. विषप्रयोगाचं कलम ३२८ लावून गुन्हा दाखल झाला. (आता कायदा बदलला, कलमाचा आकडाही बदलला. विष आणि अफवा तेच आहेत.)

बाई पन्नाशीच्या होत्या, बौद्ध समाजातल्या, विधवा. कामगार त्यांना मावशी म्हणत. टपरीवर दोन बाकडी, एक स्टोव्ह, दुधाचं पातेलं. आम्ही पंचनामा करून पातेलं, गाळणी, साखर, चहापत्ती आणि दुधावर झाकायचं पांढरं फडकं जप्त केलं. टपरीला सील लावलं. चहाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. तिथून उत्तर यायला किती आठवडे लागतील हे प्रयोगशाळेलाही ठाऊक नव्हतं. गावाला उत्तराची गरजच नव्हती. त्या बाईंच्या हातचा चहा न पिणारी माणसं गावात आधीपासून होती. त्यांना आता सांगण्यासारखं कारण मिळालं.

सोमवारी चौकशीला बाईंना बोलावलं. सोबत महिला पोलीस होती. बाकावर बसायला सांगितलं तर म्हणाल्या, "उभीच बरी हाय. तीस वर्स उभं राहूनच चहा केला."

मी विचारलं, "महिन्याभरापूर्वी तुम्ही चारचौघांत त्या कामगारांना म्हणालात की एक दिवस सगळे आडवे पडाल. म्हणालात की नाही?"

"म्हटलं. आताई म्हणीन."

"का म्हणालात?"

"दिसत होतं म्हणून. तुमी पोलीस असून तुमाले दिसत नाई, त मी काय करू?"

माझा हवालदार टेबलावरून ओरडला, "ओ बाई, नीट बोला. साहेब हायेत."

"साहेब हायेत म्हणूनच सांगून राह्यली ना बापा. तुले सांगतलं असतं त तू चहा पेऊन गेला असता."

हवालदार एकाएकी कागदपत्रं लावू लागला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

मग बाईंनी सांगितलं ते असं. वर्कशॉपचं तोंड त्यांच्या टपरीकडे होतं. आत दिवसभर ग्राइंडर चालायचा, लोखंड कापलं आणि घासलं जायचं. धुळीचा लोट थेट टपरीवर. दुधावर झाकलेलं पांढरं फडकं दुपारपर्यंत काळं पडायचं. बाई भांडल्या. मालकांना टपरीच्या जागेवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या करायच्या होत्या, म्हणून तेही भांडले. प्रकरण ग्रामपंचायतीत गेलं. ग्रामपंचायतीने एकमताने ठराव केला की वर्कशॉपची धूळ बाहेर येता कामा नये. मालकांनी ठरावाचा मान राखला. शेडच्या तिन्ही बाजूंना पत्रा होताच, चौथ्या बाजूला वरपासून खालपर्यंत ताडपत्री बांधली. सरपंचांनी ताडपत्रीसमोर उभं राहून फोटो काढला.

"लोकं म्हणे, झालं ना मावशी तुयं काम?" बाई म्हणाल्या. "खरंच, फडकं आता दिवसभर पांढरं राह्यते. पण साहेब, माह्यं दूध वाचलं, मंग ते काळं जाते कुठं? हेच म्या त्या पोराईले म्हटलं. बापाहो, आता समदं तुमच्याच छातीत चाललं, एक दिवस आडवे पडसान. त म्हणे मावशीनं शाप देल्ला."

मी हे जबाबात लिहून घेतलं. लिहून घेणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलीस खात्यात प्रशिक्षण मिळतं ते फक्त पहिल्या गोष्टीचं.

मंगळवारी वरून फोन आला. "यात्रा तोंडावर आहे. पाहुणे यायच्या आत विषाचं प्रकरण मिटलं पाहिजे. उद्या संध्याकाळपर्यंत अटक दाखवा, प्रेसनोट काढा." अटक झाली असती तर जामिनापर्यंत बाई तुरुंगात, टपरी कायमची गेली आणि खटला उभा राहीपर्यंत पाच-सात वर्षं. पुढे निर्दोष सुटल्या असत्या तरी फाट्यावर त्यांच्या जागी ट्रॉल्या उभ्या असत्या.

अटकेचे कागद करायचे म्हणून त्या दुपारी मी फाइल पहिल्यांदा सलग वाचली. चौघा कामगारांचे जबाब शब्दशः सारखे होते. "मी दिनांक अमुक रोजी सकाळी अकराच्या सुमारास सदर महिलेकडील चहा प्राशन केला. त्यानंतर सायंकाळी मला थंडी वाजून ताप आला." चौथा जबाब रुग्णालयातल्या त्या वयस्कर माणसाचा होता. फाट्यावर सगळे त्याला चाचा म्हणत. नाव वाचलं, तारीख वाचली, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. रमजानचा महिना चालू होता.

मी हवालदाराला बोलावलं. "चाचांनी सकाळी अकरा वाजता चहा प्राशन केला?"

"होय साहेब."

"रोज्यात?"

हवालदाराने कॅलेंडरवर बोट ठेवून तारीख मोजली. मग म्हणाला, "साहेब, आपला फॉरमॅटच तसा हाय. पयला जबाब झाला का बाकीचे तसेच जातात. त्याईच्या नाकाले नळी लावेल होती, लय बोलवत नव्हतं. म्या अंगठा घेतला."

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "आणखीन एक हाय साहेब. बीटवर जातो तवा दर शुक्रवारी म्या त्याच टपरीवर चहा पेतो. तिन्ही शुक्रवारी पेलो. मले त शिंक बी नाई आली."

"हे आत्ता सांगतोस?"

"फुकट पेतो ना साहेब."

विषप्रयोगाच्या गुन्ह्यातला सर्वांत भक्कम बचावाचा साक्षीदार चार दिवस माझ्या समोरच्याच टेबलावर बसून आरोपीविरुद्धचे कागद लिहीत होता.

बुधवारी सकाळी मी आधी शेडमध्ये गेलो. कामगार माल पोचवायला निघायच्या तयारीत होते. ताडपत्री बाजूला करून आत गेलो तर पत्र्याच्या भोकांतून येणाऱ्या उन्हाच्या काड्यांमध्ये धूळ नुसती तरंगत होती, आणि त्या वेळी एकही मशीन चालू नव्हतं. खुंटीवरचा शर्ट काढला तर भिंतीवर त्याचा स्वच्छ आकार उमटलेला दिसला, बाकी भिंत काळी. एक जण निघण्यापूर्वी कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकत होता. अंगावरची धूळ उडून दुसऱ्याच्या तोंडावर जात होती. तोंडाला सगळ्यांच्या दुपट्टा. पंखा एकच, तोही धुळीला बाहेर काढणारा नव्हे, आतल्या आत फिरवणारा. दहा मिनिटांत मी बाहेर आलो, नाक शिंकरलं आणि रुमाल पाहून घडी घालून खिशात ठेवला.

मालक धावत आले. "साहेब, आपल्याकडे सेफ्टीत कमी नाई हां. हरेक माणसाले रोज गूळ देतो. सकाळी एक खडा, दुपारी एक खडा."

"गूळ कशाला?"

"धूळ गुळाले चिकटते, पोटात जाते, पोटातून निंघून जाते. आमच्या बापापासून चालू हाय."

गुळाच्या खड्याने छातीतली धूळ पोटात उतरवायचा रस्ता शरीरात नाही. तो मालकांच्या वडिलांनी परस्पर मंजूर केलेला होता.

"आणि मास्क?"

"हायेत ना!" त्यांनी देवाच्या तसबिरीमागून एक पाकीट काढलं. मास्क होते, न फोडलेले. "तपासनीला कोणी आलं त दाखवाले."

तिथून वाशिमला गेलो. चाचा उशीला टेकून बसले होते, नळी निघाली होती. मी जबाब वाचून दाखवला. ऐकून ते हसायला लागले आणि हसता हसता खोकायला लागले. खोकला थांबेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

"साहब, रोजे में चाय कायकू पिऊंगा? गुड भी नहीं खाया. सेठ देते वो गुड मैं जेब में रखता, इफ्तार को खाता. बाकी के तो पूरा दिन खाते. बुखार सबको बराबर आया."

"मग हवालदाराला सांगितलं का नाही?"

"उन्होंने पूछा कब? बोले, अंगूठा लगाओ चाचा." थोडं थांबून म्हणाले, "मावशी को छोड़ दो साहब. ग्यारा महिने उनकीच चाय पीता मैं. चाय से क्या मरते, मरते तो इत्ता धुआँ खाके मरते."

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि माझ्यापेक्षा चांगल्या तपास अधिकारी होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आमच्या फाइलीत कुठेच नव्हता. "ही माणसं नेमकं काय कापतात?"

"पाइप."

"साधे लोखंडी की जस्त चढवलेले?"

"जस्त चढवलेले," मी म्हणालो. उत्तर मला माहीत होतं, आणि ते कसं माहीत होतं हेही आठवलं.

डॉक्टरबाई सांगत होत्या. जस्त चढवलेला पाइप कापला, घासला, वेल्डिंग केला की जस्त जळून त्याचा बारीक पांढरट धूर होतो. तो छातीत गेला की चार-सहा तासांनी थंडी, ताप, छातीत आवळणं आणि तोंडाला गोडसर, नाणं चघळल्यासारखी चव. दिवसाभरात माणूस बरा होतो. रोज तोच धूर घेतला तर शरीराला सवय झाल्यासारखं होतं, ताप येत नाही. बुधवार-गुरुवारसारखी दोन दिवस धुरापासून सुट्टी झाली की सवय मोडते आणि पहिल्याच दिवशी पुन्हा ताप. "म्हणून शुक्रवार," त्या म्हणाल्या. "बाजाराचा यात एवढाच संबंध. आणि बाकीचे दिवस ताप आला नाही म्हणजे धूर बाधला नाही असं समजू नका. या गृहस्थांचा एक्स-रे पाहा. हा तीन शुक्रवारांचा नाही, वीस वर्षांच्या लोखंडी धुळीचा आहे. ताप उतरेल. हे उतरणार नाही."

"दुपट्टा बांधतात ते."

"दुपट्ट्याने माशी अडते."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं, आणि ते लिहिताना मला लाज वाटत होती, कारण त्यात अवघड काहीच नव्हतं. शेड उघडी ठेवा. धूर जिथे उठतो तिथूनच ओढून बाहेर टाकणारा पंखा लावा, आणि त्याचं तोंड कोणाच्या टपरीकडे करू नका. वेल्डिंगआधी सांध्यावरचं जस्त काढा, पण तेही उघड्यावर. नाकातोंडावर घट्ट बसणारा, धूर गाळणारा मास्क द्या, डोळ्यांवर चष्मा द्या. कपडे हवेने झटकू नका. हात-तोंड धुतल्याशिवाय काही खाऊ नका, गूळसुद्धा. बस. यासाठी समिती लागत नाही, अभ्यासदौरा लागत नाही.

आता ते, जे मला डॉक्टरांसमोर आठवलं. त्या वर्कशॉपमध्ये महिनाभर जे तयार होत होतं ते यात्रेचे बॅरिकेड्स होते. बंदोबस्ताच्या पहिल्या बैठकीत मागच्या वर्षीचे बॅरिकेड्स गंजले, पाहुण्यांच्या शुभ्र कपड्यांना तांबेरा लागला, अशी तक्रार आली होती. तेव्हा एका अधिकाऱ्याने उठून ठामपणे सांगितलं होतं की यंदा सर्व बॅरिकेड्स जीआय पाइपचेच हवेत, आणि मुदतीच्या आत हवेत. जीआय म्हणजे तेच, जस्त चढवलेले. इतिवृत्तात त्या सूचनेखाली सही आहे. सही माझी आहे.

संध्याकाळी मी वर कळवलं की अटक करत नाही. "मग आरोपी कोण दाखवणार?" असं विचारण्यात आलं. मी म्हणालो, ताडपत्री. पलीकडून फोन ठेवण्याचा आवाज आला. हवालदाराचा स्वतःचा जबाब त्याच्याच अक्षरात घेतला, चाचांचा पुरवणी जबाब घेतला, डॉक्टरांचा अहवाल जोडला, आणि गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून अंतिम अहवाल न्यायालयात पाठवला. टपरीचं सील मी स्वतः काढलं. बाईंनी पातेलं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "घासून देल्लं असतं त काय झालं असतं?"

मालकांवर निष्काळजीपणाचा वेगळा गुन्हा दाखल केला. त्यात काय झालं हे विचाराल तर किरकोळ दंड झाला. इतर खात्यांना पत्रं लिहिली. उत्तर आलं की कामगारांची संख्या कायद्यातल्या आकड्यापेक्षा कमी असल्याने सदर ठिकाण कारखाना या व्याख्येत बसत नाही. म्हणजे तो कारखाना नव्हता, म्हणून तिथे धूळ नव्हती, म्हणून चाचांच्या छातीत जे होतं ते बहुधा श्रद्धा असावी. चाचा यात्रेआधी घरी आले. ग्राइंडर पुन्हा धरला नाही. जिना चढताना मध्ये थांबतात.

मला अजूनही राग येतो तो मालकांचा कमी. ते अडाणी समजुतीवर जगत होते आणि निदान गूळ तरी देत होते. राग येतो तो आम्हा शिकलेल्यांचा. ग्रामपंचायतीने ठराव केला, मी सही केली, हवालदाराने फॉरमॅट भरला, वरिष्ठांनी मुदत दिली, आणि एवढ्या सगळ्या कागदांमध्ये एकाही माणसाने ताडपत्रीच्या आत डोकं घातलं नाही. अख्ख्या फाट्यावर धोक्याची सूचना देणारी एकच व्यक्ती होती, आणि तिला आम्ही आरोपी केलं, कारण तिने ती सूचना खालच्या आवाजात, अर्ज करून दिली नव्हती. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच की जबाब घेताना माणसाला काय झालं हे विचारण्याआधी तो दिवसभर काय करतो हे विचारावं. नोकरीची उरलेली वर्षं मी ते विचारत राहिलो. उत्तरं ऐकून झोप कमी झाली.

यात्रा पार पडल्यावर वर्कशॉपच्या आवारात 'कामगार सुरक्षा जनजागृती सोहळा' झाला. मंडप, व्यासपीठ, समई. कामगारांना कापडी मास्क वाटले, त्यावर प्रमुख पाहुण्यांचा फोटो छापलेला होता. पाहुणे पाऊण तास बोलले. धुळीबद्दल नाही, पण बोलले. बाईंना व्यासपीठावर बोलावून शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. जागरूक नागरिक, गावाची माउली, असे शब्द वापरले गेले. टाळ्या झाल्या. मला भरून आल्यासारखं झालं, हे कबूल करतो.

नंतर चहा झाला. तो तालुक्याच्या हॉटेलातून बंद थर्मासमध्ये मागवला होता.